माऊस आपोआप फिरत होता आणि भाऊ चहाला गेले होते

पणजीत पाट्टोवरच्या आमच्या कार्यालयातले संगणक मी सांभाळतो. सोमवारी सकाळी तिथे लेखा विभागातील भाऊंनी 'थकीत बिल' नावाचे झिप जोडपत्र उघडले. त्याला पासवर्ड होता आणि तो त्याच ईमेलमध्ये ठळक अक्षरांत लिहिलेला होता! कुलूप लावून किल्ली दारावरच टांगणारा हा कोण विक्रेता, असा प्रश्न आयुष्यभर दुसऱ्यांची बिले तपासणाऱ्या माणसाला पडू नये? पासवर्ड असतो तो आमच्या मेल गाळणीला आतले दिसू नये म्हणून. आत पीडीएफचे चिन्ह चिकटवलेली एक्झी फाइल, म्हणजे उघडताच चालू होणारा प्रोग्राम होता, आणि नावाचे ते '.exe' शेपूट विंडोज मुळातच लपवून ठेवते.

इथवर मी गिळले असते. परंतु थोड्या वेळाने पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला, बँकेचे पान उघडले, आणि भाऊ माऊसवरचा हात काढून अदबीने उठले व चहाला गेले. का, असे विचारले तर म्हणाले, "मला वाटलं तूच आहेस. तू काम करतोयस तर मध्ये लुडबुड कशाला?" दरोडेखोराला बसायला खुर्ची दिली, एवढेच नव्हे, तर एकांतही दिला! ओटीपी त्यांच्या खिशातल्या फोनवर येत होता, म्हणून पैसे वाचले.

तोवर दुसऱ्या एका विदुषींनी तेच ईमेल, जोडपत्रासह, "हा व्हायरस आहे का?" असे विचारत सगळ्या कार्यालयाला पाठवले होते. अशी घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत सर्ट-इनला, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेला, कळवावी लागते, हा 2022 चा निर्देश मी साहेबांपुढे ठेवला, तर "जेवून बघू" आणि "अँटिव्हायरसचे पैसे भरतो ना आपण?" सर्वांचे ॲडमिन अधिकार, म्हणजे संगणकावर हवे ते बसवण्याची मुभा, काढून घ्या, हे मी दोन वर्षे लिहून देत आहे आणि दोन वर्षे उत्तर एकच आहे, "चतुर्थी होऊन जाऊ दे." दोन चतुर्थ्या होऊन गेल्या!

संध्याकाळी मांडवी पुलावरच्या रांगेत अडकलो असताना मात्र लक्षात आले, की न विचारता, न सांगता भाऊंच्या पडद्यात शिरून काम उरकण्याची सवय त्यांना मीच लावली आहे. आज मी अपडेटसाठी शिरलो, तर त्यांनी तत्काळ नेटवर्कची वायर उपटली आणि मला फोन करून विजयी स्वरात सांगितले, "पकडला रे चोर!"