ऑस्करच्या आदल्या रात्री: माझं मत गप्प राहणाऱ्यांना

उद्या सोमवार, ३ मार्च २०२५. पहाटे साडेपाचला लॉस एंजेलिसच्या डॉल्बी थिएटरमधून ९७ व्या ऑस्कर सोहळ्याचं थेट प्रक्षेपण सुरू होईल. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ठेवली आहे. दरवर्षी आदल्या रात्री मी माझे अंदाज इथे लिहिते. या वर्षी 'कोणाला मिळेल' यासोबत 'कोणाला मिळायला हवं' हेही सविस्तर लिहिणार आहे, कारण दोन्हींमध्ये एवढं अंतर कधी पडलं नव्हतं.

सुरुवात ब्राझीलपासून. 'आय अ‍ॅम स्टिल हिअर' मी आईसोबत बघितला. संवाद पोर्तुगीज, सबटायटल्स इंग्रजी, ती मी हळू आवाजात तिला मराठीत सांगत होते. गोष्ट खरी आहे. १९७१ सालचं रिओ, लष्करी राजवट. माजी खासदार रुबेन्स पायवा यांना घरातून चौकशीसाठी नेतात आणि ते परत येत नाहीत. मागे राहते बायको युनीसी आणि पाच मुलं. तिलाही धरून नेतात, बारा दिवस कोठडीत ठेवतात. घरी आल्यावर ती अंग घासून आंघोळ करते आणि संसाराला लागते. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला सरकारकडून तिच्या हातात पडायला १९९६ साल उजाडलं. पंचवीस वर्षं.

अर्धा सिनेमा झाल्यावर आईने विचारलं, "ही रडत का नाही गं?" मी काही बोलले नाही. मग तो आइस्क्रीम पार्लरचा प्रसंग आला. युनीसी मुलांना घेऊन बसली आहे. नवऱ्याचं काय झालं असेल हे तिला एव्हाना कळून चुकलंय, मुलांना नाही. आजूबाजूच्या टेबलांवर कुटुंबं हसतायत, बापमंडळी मुलांशी बोलतायत, आणि ती नुसती बघते. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नजर जाते, एवढंच. चेहऱ्यावर बोट ठेवून 'इथे दुःख आहे' असं दाखवता येणार नाही. फर्नांडा टोरेस या अभिनेत्रीने तिथे जे केलंय ते मी तीन वेळा मागे नेऊन बघितलं.

सिनेमा संपल्यावर आई म्हणाली, "तुझे बाबा गेले त्या दिवशी सिलेंडरवाला आला होता. त्याला मी सुट्टे मोजून दिले, पावतीवर सही केली. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, हिला काहीच वाटत नाही." बारा वर्षांत ती हे पहिल्यांदा बोलली.

तेव्हा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीसाठी माझं मत फर्नांडा टोरेसला, आणि ते मत कुणी बदलू शकणार नाही. तिची आई फर्नांडा मॉन्टेनेग्रो हिला याच सिनेमाचे दिग्दर्शक वॉल्टर सालेस यांच्या 'सेंट्रल स्टेशन'साठी १९९९ च्या ऑस्करमध्ये नामांकन होतं. तेव्हा पुरस्कार ग्वेनेथ पॅल्ट्रोला गेला. या सिनेमात म्हातारपणीची युनीसी साकारलीय ती त्याच मॉन्टेनेग्रोने, एकही संवाद न बोलता. टीव्हीवर नवऱ्याचा फोटो दिसतो आणि स्मृती गेलेल्या त्या बाईच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी हलतं.

अंदाज मात्र वेगळा आहे. पुरस्कार डेमी मूरला मिळेल असं मला वाटतं. 'द सबस्टन्स'साठी तिला गोल्डन ग्लोब मिळाला, अभिनेत्यांच्या संघटनेचा, म्हणजे सॅगचा पुरस्कार मिळाला. हॉलिवूडने चाळीस वर्षं तिला गृहीत धरलं, आणि सिनेमाचा विषयही नेमका तोच. आरशासमोर पुन्हा पुन्हा मेकअप पुसून शेवटी घराबाहेरच न पडणारी तिची एलिझाबेथ मला खरोखर आवडली. तिला मिळाला तर मी टाळ्याच वाजवीन. धोका आहे तो 'अनोरा'च्या मायकी मॅडिसनकडून, कारण ब्रिटिश अकादमीचा पुरस्कार, म्हणजे बाफ्टा, तिने नेला.

ऑस्करबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. इथे मतदारांना काम 'दिसावं' लागतं. वजन वाढवलं, नाक बदललं, बोलण्याचा हेल शिकला, किंचाळला, कोसळला, की अभिनय झाला. आपल्याकडे नाटक बघणारा माणूस पॉज ओळखतो. संवाद संपल्यावर नट किती वेळ थांबला आणि त्या थांबण्यात काय भरलं होतं, यावर मध्यंतरात चहाच्या कपासोबत चर्चा होते. मी कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात मागच्या रांगेत बसून हे शिकले. त्या नजरेने यंदाची यादी बघितली की माझी सगळी मतं गप्प राहणाऱ्या माणसांकडे जातात.

सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या गटात राल्फ फाइन्सचंच घ्या. 'कॉन्क्लेव्ह'मध्ये तो नवे पोप निवडण्याची प्रक्रिया सांभाळणारा कार्डिनल आहे. प्रत्येकाची गुपितं त्याच्या कानावर येतात आणि त्याला ती पोटात ठेवावी लागतात. जवळजवळ दोन तास हा माणूस फक्त ऐकतो. एकदाच तो दिवंगत पोपच्या खोलीचं लाखेचं सील तोडून आत जातो आणि तिथे त्याचा बांध फुटतो. इतका वेळ दाबून धरलेलं असल्यामुळे ते रडणं आपल्या छातीत उतरतं. 'शिंडलर्स लिस्ट' आणि 'द इंग्लिश पेशंट'नंतरचं हे त्याचं तिसरं नामांकन, पदरी अजून एकही पुरस्कार नाही. माझं मत त्याला.

पण मिळेल एड्रियन ब्रॉडीला. 'द ब्रूटलिस्ट' या साडेतीन तासांच्या सिनेमाचा भार त्याच्यावर आहे आणि ग्लोब, बाफ्टा दोन्ही त्याच्याकडे आहेत. त्याचं काम मोठं आहे, नाही म्हणणार नाही. मागच्या रविवारी सॅग पुरस्कार टिमोथी शालामेला गेला आणि सगळ्यांनी अंदाज फिरवले. मी फिरवणार नाही. ऑस्करचं मतदान ११ ते १८ फेब्रुवारी या काळात झालं आणि सॅगचा सोहळा होता २३ तारखेला. तोवर पेट्या बंद झाल्या होत्या. शालामे जिंकला तर या गटातला सगळ्यात तरुण विजेता ठरेल. तो विक्रम सध्या ब्रॉडीच्याच नावावर आहे, 'द पियानिस्ट'साठी, तेव्हा तो २९ वर्षांचा होता.

'द ब्रूटलिस्ट'मधलं मध्यंतर मला फार आवडलं. पंधरा मिनिटांचं, दिग्दर्शकाने सिनेमातच बसवलेलं, पडद्यावर लग्नाचा फोटो आणि उलटे मोजणारे आकडे. जगभर त्याचं केवढं कौतुक झालं! आपण तर मध्यंतरावरच वाढलो, पण ते असं गोष्टीचा भाग म्हणून वापरलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. छायाचित्रणाचा पुरस्कार याच सिनेमाला मिळेल आणि मिळावा. फक्त एक सल आहे. 'निकेल बॉइज'चा कॅमेरा या गटात नामांकनातही नाही. जवळजवळ सबंध सिनेमा दोन मुलांच्या डोळ्यांतून दिसतो, कॅमेरा म्हणजेच त्यांची नजर. मुलगा मान खाली घालतो तेव्हा आपल्याला जमीन दिसते. त्या मानेवर किती ओझं आहे, हे एका शब्दाशिवाय कळतं. छायाचित्रकार जोमो फ्रे यांचं नाव यादीत नसणं ही या वर्षीची सगळ्यात मोठी चूक.

सहायक अभिनेत्याचा पुरस्कार कीरन कल्किनला मिळणार हे जवळपास ठरलेलं. 'अ रिअल पेन'मध्ये तो विलक्षण आहे, पण तो सिनेमाचा अर्धा नायक आहे, त्याला 'सहायक' म्हणणं मला पटत नाही. 'एमिलिया पेरेझ'च्या झोई साल्दान्याचंही तेच. सहायक अभिनेत्रीचे सगळे पुरस्कार ती नेतेय, उद्याचाही नेईल, पण कथा तर तिच्याच खांद्यावर आहे. अशाने खरोखरच छोट्या भूमिका करणाऱ्यांनी जायचं कुठे?

माझी मतं सांगते. 'अनोरा'तला युरा बोरिसोव. श्रीमंताच्या पोराने केलेलं लग्न मोडायला आणलेला भाडोत्री माणूस, कोपऱ्यात उभा, बहुतेक वेळ गप्प. पण अनोराकडे माणूस म्हणून बघणारा त्या घरात तो एकटाच, आणि हे तो नुसत्या बघण्यातून कळू देतो. शेवटच्या गाडीतल्या प्रसंगात बाहेर बर्फ पडतंय, इंजिन चालू आहे, वायपर फिरतायत. काय होतं ते सांगत नाही. श्रेयनामावलीवर संगीत नाही, नुसता वायपरचा आवाज येत राहतो. मी दिवा लावायलाही उठले नाही.

आणि 'कॉन्क्लेव्ह'मधली इझाबेला रोसेलिनी. पडद्यावर मोजकी मिनिटं. नन्सनी अदृश्य राहायचं असतं, पण देवाने आम्हाला डोळे आणि कान दिलेत, अशा आशयाचं ती त्या लाल झग्यांच्या सभेत बोलते, किंचित गुडघा वाकवून अभिवादन करते आणि निघून जाते. इन्ग्रिड बर्गमनची ही मुलगी. आईने तीन ऑस्कर मिळवली, मुलीला बहात्तराव्या वर्षी पहिलं नामांकन. माझं मत तिला.

'एमिलिया पेरेझ'बद्दल थोडक्यात. तेरा नामांकनं, इंग्रजी नसलेल्या सिनेमाला आजवर मिळालेली सर्वाधिक. मुख्य अभिनेत्री गास्कोनच्या जुन्या आक्षेपार्ह ट्वीट्सचं प्रकरण जानेवारीअखेर बाहेर आलं आणि हवा गेली. मला सिनेमा त्याआधीही आवडला नव्हता. त्यामुळे आंतरराष्ट्रीय सिनेमाचा पुरस्कार ब्राझीलला मिळेल, आणि इथे एकदाचा माझा अंदाज आणि माझं मन एकत्र आहे.

याच गटाशी आपलं दुखणं जोडलेलं आहे. पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'ला गेल्या मेमध्ये फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात ग्राँ प्री हा पुरस्कार मिळाला. तीस वर्षांनी भारतीय सिनेमा तिथल्या मुख्य स्पर्धेत पोहोचला होता. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकलेली दिग्दर्शिका, गोष्ट मुंबईची आणि रत्नागिरीची. भारताकडून पाठवला गेला 'लापता लेडीज'. तो डिसेंबरच्या पंधरा सिनेमांच्या यादीतही पोहोचला नाही. मला 'लापता लेडीज' आवडतो, त्याच्यावर माझा राग नाही. पण कोणता सिनेमा जगासमोर न्यायचा याची समज आपल्या निवड समितीला कधी येणार? दोन्ही सिनेमांत आपली छाया कदम आहे, तिकडे मंजू माई आणि इकडे पार्वती. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात राबणारी, बिल्डरने घराबाहेर काढायला घेतलेली विधवा. इतकी वर्षं त्या खोलीत राहिली, पण कागदावर तिचं नाव कुठेच नाही. एका रात्री ती आणि तिची मैत्रीण बिल्डरच्या फलकावर दगड मारतात. छाया कदम तिथे भाषण करत नाही. दगड उचलते, मारते. माझ्या मनातल्या सहायक अभिनेत्रींच्या यादीत ती रोसेलिनीच्या शेजारी बसली आहे.

'अनुजा' हा लघुपट मात्र उद्या तिथे आहे. दिल्लीतल्या कपड्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या दोन बहिणी, छोटीच्या भूमिकेत सजदा पठाण, आणि कारखान्यातल्या वर्माच्या भूमिकेत आपले नागेश भोसले. जिंकावा अशी फार इच्छा आहे. शक्यता निम्मी-निम्मी.

अ‍ॅनिमेशनमध्ये बहुतेकांचा कौल 'द वाइल्ड रोबॉट'ला आहे. मी 'फ्लो' म्हणते, अंदाज म्हणूनही आणि मनापासूनही. लॅटव्हियासारख्या छोट्या देशाचा सिनेमा, ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलेला. पूर आलाय, एक मांजर, एक कुत्रा, एक कॅपिबारा, एक लेमर आणि एक पक्षी एका होडीत. संवाद शून्य. मांजर मांजरासारखंच वागतं, माणसासारखं बोलत नाही. पाण्याला घाबरणारं ते मांजर मासा पकडायला पहिल्यांदा स्वतःहून खाली उतरतं तेव्हा माझ्या भाच्याने माझा हात घट्ट धरला होता. माहितीपट 'नो अदर लँड'. पॅलेस्टिनी आणि इस्रायली तरुणांनी मिळून केलेला, अमेरिकेत वितरक मिळाला नाही तरी इथवर आलेला. वेशभूषा 'विकेड'साठी पॉल टेझवेल. हा पुरस्कार जाहीर होताना मला दरवर्षी आमच्या कोल्हापूरच्या भानू अथैया आठवतात. 'गांधी'साठी १९८३ मध्ये हेच ऑस्कर घेणाऱ्या पहिल्या भारतीय. २०१२ मध्ये त्यांनी ती बाहुली जपण्यासाठी ऑस्कर देणाऱ्या अकादमीकडेच परत पाठवली. आपल्याकडे ती नीट जपली जाईल असा विश्वास त्यांना वाटला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

राहिला सर्वोत्कृष्ट चित्रपट. इथे मतमोजणी वेगळी असते. मतदार दहा सिनेमांना पसंतीक्रम देतात. पहिल्या पसंतीच्या मतांत कुणालाच निम्म्याहून जास्त मिळाली नाहीत, तर तळाचा सिनेमा बाद होतो आणि त्याची मतं त्या-त्या मतदाराच्या पुढच्या पसंतीकडे जातात. असं निम्मा टप्पा ओलांडेपर्यंत चालतं. म्हणून थोड्यांना प्राणप्रिय आणि बाकीच्यांना नकोसा असलेला सिनेमा मागे पडतो, बहुतेकांच्या यादीत दुसरा-तिसरा असलेला पुढे सरकतो. निर्मात्यांच्या संघटनेचा पुरस्कारही याच पद्धतीने ठरतो आणि तो ८ फेब्रुवारीला 'अनोरा'ला मिळाला. त्याच दिवशी दिग्दर्शकांच्या संघटनेने 'अनोरा'च्याच शॉन बेकरला निवडलं. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा बाफ्टा आणि सॅगचा समूह-अभिनयाचा पुरस्कार 'कॉन्क्लेव्ह'ला गेलाय, म्हणून धाकधूक आहे, तरी माझा अंदाज 'अनोरा', दिग्दर्शक बेकर. साठ लाख डॉलरमध्ये केलेला सिनेमा आहे, लिहिला, दिग्दर्शित केला आणि संकलित केला एकाच माणसाने. जिंकला तर आनंदच.

माझ्या हातात मतपत्रिका असती तर क्रम असा लावला असता: 'आय अ‍ॅम स्टिल हिअर', मग 'निकेल बॉइज', मग 'अनोरा', मग 'कॉन्क्लेव्ह'. बाकीचे नंतर बघू. तुमचा क्रम खाली लिहा, पण कारणासकट लिहा.

आईने मघाशी विचारलं, "त्या ब्राझीलच्या बाईचं किती वाजता?" म्हटलं, तो पुरस्कार अगदी शेवटी असतो, नऊ तरी वाजतील. "मग मला नको उठवू. पूजा उरकून येते," म्हणाली, आणि उद्याच्या फुलांची परडी धुवायला गेली.