वाड्याचा सातबारा कोणाच्या नावावर?

खुनी कोण ते मला कळलंय आणि मला ते इतक्यात अजिबात कळायचं नव्हतं. अ‍ॅगाथा ख्रिस्तीचं 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड', १९२६ सालचं पुस्तक, इतकी वर्षं मी त्याचा शेवट कानावर पडू दिला नव्हता, कुणी विषय काढला की उठून पाणी प्यायला जायचे, आणि काल पुण्याच्या गाडीत भर घाटात तो माझ्या डोक्यावर आदळला.

शेजारी एक काका होते. मोजणी खात्यातून रिटायर, हे ठाणं यायच्या आत कळलं. समोरचा पोरगा फुल आवाजात रील्स बघत होता, त्याला कुणी विचारत नाही की बाळा सध्या काय बघतोयस आणि त्यातून काय घेतलंस. पुस्तक उघडलेली बाई मात्र सगळ्यांना मोकळी वाटते.

"नेहमी खुनाचंच वाचता का ताई?"

म्हणलं नाही हो, सध्या हाताला येईल ते चाललंय, भुताचं पण वाचलं.

"सांगा की मग स्टोरी. कर्जतला वेळ आहे."

सांगितली. नारायण धारपांची 'लुचाई', स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली, गावातला बदनाम वाडा, तिथे बाहेरचं कुणीतरी राहायला येतं आणि माणसं एकेक करून गायब व्हायला लागतात. ती वाचताना रात्री पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायचं मी टाळत होते, इतकी टरकले होते. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"वाड्याचा सातबारा कोणाच्या नावावर?"

"अं?"

"नाही, गावठाणात असेल तर सातबारा नसतो म्हणा, प्रॉपर्टी कार्ड असतं. पण बाहेरचा माणूस येऊन ताबा घेतो आणि तलाठी झोपलाय का?"

काय उत्तर देणार? धारपांनी दिलं नाही, किंगनेही दिलं नाही. मी घाईघाईने 'बनगरवाडी'वर गेले. व्यंकटेश माडगूळकर, १९५५. कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, शाळा सुरू करतो, तालीम बांधतो आणि मग दुष्काळ पडतो. लेखक कुठे गळा काढत नाही, म्हणूनच ते शेवटी शेवटी जास्त लागतं, असं माझं मत मी जरा रंगून सांगत होते तर काका म्हणाले, "तालमीला जागा कुणी दिली? बक्षीसपत्र केलं होतं का?"

इथपर्यंत मी हसत होते, खरंच. पण मग त्यांनी 'रणांगण' विचारलं. विश्राम बेडेकरांचं, १९३९ चं, युद्ध तोंडावर आलेलं आणि युरोपातून मुंबईकडे निघालेल्या बोटीवर आपला चक्रधर आणि ती ज्यू मुलगी हॅर्टा. जर्मनीने तिला हाकललंय, दुसरा कुठला देश घेत नाही. चिमुकलं पुस्तक आहे आणि संपल्यावर मी धड जेवले नव्हते.

"मुंबईला उतरवून घ्यायचं ना पोरीला. पोर्टात कुणाची तरी ओळख काढायची."

झालं! बेडेकरांच्या आख्ख्या कादंबरीचा निकाल पोर्टातल्या ओळखीने लागला. राग कशाचा आला तर वाचताना मलाही नेमकं तेच वाटलं होतं, की अरे काहीतरी खटपट करा, कुणालातरी भेटा, आणि ते यांच्या तोंडून ऐकलं की बावळट वाटत होतं.

कर्जतला मागून इंजिनं लावली, वडे आले आणि माझ्या ख्रिस्तीबाई काकांच्या वड्याखाली गेल्या. वाचनालयाचं पुस्तक आहे हो! मुखपृष्ठावर गोल तेलकट डाग पडलाय, दंड मीच भरणार. काकांनी बोटं रुमालाला पुसली आणि म्हणाले, "आता हे राहिलं."

सांगितलं. पॉयरो डिटेक्टिव्हगिरी सोडून खेड्यात येऊन भोपळे लावतो. यावर काका पहिल्यांदा खूश झाले. मग तो वैतागून एक भोपळा भिंतीपलीकडे फेकतो, शेजारचा डॉक्टर थोडक्यात वाचतो.

"हद्दीचा वाद!" काका सीटवर पुढे सरकले. "मोटिव्ह तिथेच आहे. खुनी कोण?"

म्हणलं मी निम्म्यातच आहे. आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं, याच बाईंचं 'द माउसट्रॅप' नाटक लंडनमध्ये १९५२ पासून चालू आहे, मधला कोविडचा खंड सोडा, तिथे प्रयोग संपल्यावर प्रेक्षकांना सांगतात की शेवट बाहेर फोडू नका, आणि लोक ऐकतात.

"मी कुठे वाचणार आहे? मला सांगायला काय हरकत?"

तेवढ्यात खिडकीपाशी विणत बसलेल्या आजी, दादरपासून अवाक्षर बोलल्या नव्हत्या, त्यांनी सुईवरचे टाके मोजता मोजता, मान वर न करता, नाव सांगितलं. नुसतं नाव नाही, कसं केलं तेही. बोगदा आला म्हणून आवाज चढवून परत सांगितलं. आख्ख्या डब्याला कळलं, रील्सवाल्या पोराने कानात नसलेले इअरफोन काढल्यासारखं चमकून बघितलं.

"बघा," काका मला म्हणाले, "एका वाक्यात आटोपलं. तुम्ही उगाच एवढी पानं..." आणि मग आजींकडे वळून, अगदी मनापासून, "पण मग त्या भोपळ्याचं काय झालं हो?"