‘आजीकडं कुठं लायसन्स होतं?’ : मालिशच्या परवान्याबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या काही दिवसांत एकच मेसेज मला शाळेच्या बॅचच्या ग्रुपवरून, माहेरच्या ग्रुपवरून आणि दवाखान्यातल्या दोन पेशंटांकडून आला. मजकूर साधारण असा : “मसाज करणाऱ्याकडं लायसन्स, सर्टिफिकेट मागणं हे परदेशी खूळ आहे. आपली आजी बाळाला तेल लावायची, तिच्याकडं कुठं लायसन्स होतं? मालिशनं कधी कुणाचं वाईट झालं नाही. भारतात असा कायदा नाही, कारण गरजच नाही. अमेरिकेत लागतं, कारण तिथं लोक ऊठसूट कोर्टात जातात. इथं परवाना आणला तर गरिबाच्या पोटावर पाय येईल. पटलं तर पुढं पाठवा.”

मला पटलं नाही. मी कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. मालिश हा माझ्या कामाचा लहानसा भाग, पण मालिश करून घेतल्यावर दुखणं वाढलेली माणसं माझ्याकडं नेमानं येतात. म्हणून मेसेजमधल्या एकेका वाक्याला उत्तर देते.

आधी आजी.

माझ्या मुलीला तेल लावायला गल्लीतल्या एक मावशी यायच्या. त्या हे काम सासूच्या हाताखाली शिकल्या. पहिलं वर्षभर त्यांनी फक्त पाणी तापवलं, तेल कोमट केलं आणि सासूचे हात बघितले. मग पाय, मग पाठ. बाळाच्या टाळूला हात लावायची परवानगी सगळ्यांत शेवटी मिळाली. आमच्या तालमीतही हेच. नवा पोरगा आधी थोरल्या पैलवानाचं अंग रगडतो, कुठला स्नायू कुठं सुरू होतो ते बोटांनी शिकतो आणि चुकला तर वस्ताद तिथंच थांबवतो. ही काही बिनाशिक्षणाची माणसं नव्हेत. आज कुठल्याही कोर्समध्ये मिळत नाहीत इतके तास त्यांनी घातलेले असतात. गल्ली, तालीम हीच त्यांची नोंदवही होती. कुणाचा हात चांगला, कुणाच्या हाताला द्यायचं नाही, हे चार घरांना माहीत असायचं आणि हात बिघडला की बोलावणं बंद व्हायचं.

याच मावशी एका बाळंतिणीच्या घरी गेल्या होत्या. पोरीचा एकच पाय सुजला होता, पोटरी टणक आणि गरम लागत होती. घरच्यांनी सांगितलं, जरा जोरात चोळा, उतरेल सूज. मावशींनी हात मागं घेतला. “ह्या पायाला मी तेल लावणार न्हाई, आधी डॉक्टरला दाखवा,” म्हणाल्या आणि उठल्या. शिरेत रक्ताची गुठळी निघाली. कुठं हात लावायचा नाही, हे ज्याला कळतं तो शिकलेला. बाहेरगावच्या मॉलमधल्या तिसऱ्या मजल्यावर तुम्हाला टेबलावर झोपवणारा माणूस कुणाच्या हाताखाली शिकला, किती दिवस शिकला, हे तुम्हाला कोण सांगणार? तिथं गल्ली नाही, सासू नाही, वस्ताद नाही. त्यांचं काम कुठल्या तरी कागदानं करायला हवं, एवढंच परवान्याचं म्हणणं आहे.

दुसरं वाक्य सर्वांत घातक आहे : मालिशनं कधी कुणाचं वाईट झालं नाही.

२०१६ साली दिल्लीत २३ वर्षांच्या एका तरुणाचा घोटा बॅडमिंटन खेळताना दुखावला. पायाला प्लास्टर घातलं. प्लास्टर काढल्यावरही दुखणं आणि सूज राहिली, म्हणून आईनं तेल लावून पाय चोळून दिला. पायातल्या शिरेत गुठळी झालेली होती. ती सुटून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकली आणि मुलगा गेला. ‘एम्स’च्या डॉक्टरांनी ही घटना वैद्यकीय नियतकालिकात नोंदवली. त्या आईला दोष देण्याचा प्रश्नच नाही आणि कुठलाही कायदा आईच्या हातापर्यंत जाऊ नये. पण या घटनेतून एक गोष्ट दिसते. माया असणं आणि तेल चांगलं असणं पुरत नाही. पाय बरेच दिवस हलला नाही की पोटरीच्या खोल शिरांत रक्त साचून गोठू शकतं आणि बाहेरून ते साध्या मुका मारासारखं, लचक भरल्यासारखं दिसतं. घरात ही चूक कुणाकडूनही होईल. पैसे घेऊन रोज दहा अनोळखी पाय चोळणाऱ्याकडून ती होता कामा नये.

पुढच्याच वर्षी गुरुग्रामच्या डॉक्टरांनी वेगळी केस सांगितली. न्हाव्याकडं चंपी करताना मान कडकन मोडून घेतल्यावर एका माणसाची श्वासपटलाकडं जाणारी नस निकामी झाली आणि त्याला श्वासासाठी यंत्रावर ठेवावं लागलं. अशा घटना विरळा, हे मी मान्य करते. रोज लाखो लोक मान मोडून घेतात आणि घरी जातात. पण विरळा नसलेल्या गोष्टीही आहेत. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असलेले आजोबा ‘डीप टिश्यू’, म्हणजे खोल दाबाचं मालिश, करून येतात आणि पाठभर काळेनिळे डाग घेऊन माझ्यासमोर बसतात. हाडं ठिसूळ झालेल्या बाईच्या बरगडीवर कोपर दाबलेलं असतं. मधुमेहानं तळपायाची संवेदना गेलेल्या माणसाला गरम दगड ठेवलेला कळतच नाही आणि फोड आल्यावर तो बघतो. यातल्या कुणालाही आधी एक प्रश्न विचारलेला नसतो. कुठली औषधं चालू आहेत? ऑपरेशन झालंय का? एक पाय दुसऱ्यापेक्षा सुजलाय का? दिवस गेलेत का? हे पाच मिनिटांचं विचारणं म्हणजेच प्रशिक्षणाचा गाभा. हाताची कला त्याच्या नंतर येते.

“भारतात कायदा नाही” हे वाक्य अर्धं खरं आहे. मालिश करणाऱ्या माणसाची नोंदणी करणारी, चुकला तर नाव काढून टाकणारी परिषद आपल्याकडं नाही, हे खरं. फिजिओथेरपिस्टचं तसं नाही. महाराष्ट्रात आमची राज्य परिषद आहे आणि २०२१ साली फिजिओथेरपिस्टसह संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी केंद्राचा कायदाही झाला. पंचकर्म वैद्यांच्या देखरेखीखाली व्हावं अशी अपेक्षा आहे. केरळनं २००७ साली आयुर्वेद आरोग्य केंद्रांच्या परवान्याचा स्वतंत्र कायदा केला. तिथलं पर्यटन खातं केंद्रांना दर्जे देतं आणि त्यासाठी डॉक्टर पात्रताधारक असणं, मालिश करणारे शिकलेले असणं, इथपासून टेबलाच्या लांबीरुंदीपर्यंत अटी घालतं. कौशल्य विकासाच्या योजनेत स्पा थेरपिस्टचा आणि पंचकर्म टेक्निशियनचा अभ्यासक्रम आहे, परीक्षा आहे, प्रमाणपत्र आहे. पण ते नसलं तरी कुणी अडवत नाही.

मग भिंतीवर काय लावलेलं असतं? बहुतेक ठिकाणी दुकानाचा कागद, म्हणजे आपण ज्याला ‘गुमास्ता’ म्हणतो तो. लोक तो बघतात आणि समजतात, परवाना आहे. तो गाळ्यासंबंधीचा कागद आहे. तुमच्या मानेवर ज्याचा अंगठा आहे त्याच्याबद्दल त्यात एक अक्षर नसतं. शेजारी एखादं सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र असतं, दोन दिवसांच्या शिबिराचं. किती तास शिकवलं, परीक्षा कुणी घेतली, हे त्यावर वाचून बघा.

गरज नसती तर अधूनमधून सरकारांना नियम काढावे लागले नसते. २०२१ मध्ये दिल्लीत स्पासाठी मार्गदर्शक सूचना निघाल्या. स्त्रीनं पुरुषाला आणि पुरुषानं स्त्रीला मालिश करायची नाही, असं त्यांत होतं. त्या बंदीला दिल्ली उच्च न्यायालयानं त्याच वर्षी डिसेंबरात स्थगिती दिली. मालिश करणाऱ्याकडं फिजिओथेरपी, ॲक्युप्रेशर किंवा ऑक्युपेशनल थेरपीची पदवी, पदविका किंवा प्रमाणपत्र हवं, असंही त्याच सूचनांत होतं. मला हे चुकीच्या कुलपाला लावलेल्या किल्लीसारखं वाटतं. मी साडेचार वर्षं शिकले ते लकवा झालेल्या माणसाला चालवायला आणि गुडघा बदललेल्याला जिना चढवायला. खांदे मोकळे करून देणाऱ्या मुलीकडं माझी पदवी मागणं हा तिच्यावर अन्याय आहे. तिला तिच्या कामाचं शिक्षण हवं, तिच्या कामाची परीक्षा हवी आणि तिच्या नावाची नोंद हवी.

इथं मला थोडं थांबायचं आहे, कारण मेसेज पाठवणाऱ्यांच्या डोक्यात ही मुलगी नसतेच. पुण्यामुंबईच्या आणि गोव्याच्या स्पांमध्ये मणिपूर, नागालँड, मिझोरामहून आलेल्या कितीतरी मुली काम करतात. धाड पडली की वर्तमानपत्रात ‘मसाज पार्लर’ एवढाच शब्द येतो. आत देहविक्रीसाठी डांबून ठेवलेल्या मुलीही असतात आणि रीतसर काम शिकून पोटापाण्यासाठी आलेल्याही. आपण दुसऱ्या गटातल्या आहोत हे सांगायला त्या मुलीकडं काय असतं? मालकानं दिलेलं ओळखपत्र, आणि तो मालक त्या क्षणी पळालेला असतो. गिऱ्हाईकानं नको तिथं हात धरला तर “माझ्या परवान्यात हे बसत नाही, तुम्ही बाहेर जा” असं म्हणण्याचा आधारही तिला नाही. परवान्याचा पहिला फायदा तिला आहे. आपल्यासारख्या टेबलावर झोपणाऱ्यांचा नंबर नंतर लागतो.

आता अमेरिका. तिथं लोक कोर्टात जातात म्हणून परवाना आहे, असं म्हणणाऱ्यानं टेक्सासचा अभ्यासक्रम बघावा. एकूण ५०० तास. त्यात २०० तास प्रत्यक्ष मालिशचं तंत्र, ५० तास शरीररचना, २५ तास शरीराचं कार्य, ५० तास हालचालींचं शास्त्र, ४० तास आजारांची ओळख, २० तास जलोपचार, २० तास स्वच्छता, प्रथमोपचार वगैरे, ४५ तास कायदा, व्यवसाय आणि नीती, आणि शेवटी ५० तास देखरेखीखाली काम. कायदा आणि नीती मिळूनही दहावा हिस्सा नाही. मग १०० प्रश्नांची परीक्षा. त्यानंतरही दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्याआधी १२ तास पुन्हा शिकावं लागतं. सगळं तिथलं चांगलं असं मला म्हणायचं नाही. न्यूयॉर्क राज्य टेक्सासच्या दुप्पट, १००० तास मागतं. टेक्सासमधली पाठ आणि न्यूयॉर्कमधली पाठ यांत तेवढा फरक नसतो. तासांची भिंत उगाच उंच केली की फी परवडणारेच आत येतात, ही भीती खरी आहे.

म्हणूनच शेवटचं वाक्य, गरिबाच्या पोटाचं, मी सगळ्यांत गंभीरपणे घेते.

जपानमध्ये मालिश हा शतकानुशतकं अंध लोकांचा व्यवसाय. १९४७ साली तिथं कायदा झाला. आज तीन वर्षांचं शिक्षण आणि राष्ट्रीय परीक्षा झाल्याशिवाय परवाना मिळत नाही. १९६४ साली त्यात तरतूद घातली की अंधांचा रोजगार धोक्यात येत असेल तर डोळस विद्यार्थ्यांसाठी नव्या मालिश अभ्यासक्रमांना मान्यता नाकारता येईल. त्यावर खटला झाला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयानं ही तरतूद घटनेला धरून आहे असं सांगितलं. दक्षिण कोरिया त्याहून पुढं गेला. तिथं मालिशचा परवाना फक्त दृष्टिहीनांना मिळतो. २००६ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं तो नियम रद्द केला, संसदेनं त्याच वर्षी कायद्यात तो पुन्हा आणला आणि २००८ मध्ये न्यायालयानं तो मान्य केला. सगळा व्यवसाय एकाच गटासाठी राखून ठेवावा का, यावर माझं मत वेगळं असू शकतं. पण परवाना आला की गरीब माणूस बाहेर फेकलाच जातो, हे या दोन देशांनी खोटं पाडलं आहे. कोणाला आत घ्यायचं, हे परवान्याचा नियम लिहिणारा ठरवतो.

आपल्याकडं नियम लिहायची वेळ आली तर माझी मागणी एकच राहील. वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना पुन्हा पहिल्या वर्गात बसवू नका. हातातली कला तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय कौशल्य विकास योजनेत आहेच, तिला ‘पूर्वशिक्षणाची मान्यता’ म्हणतात. तीच इथं वापरा, फी नाममात्र ठेवा आणि आजारांची ओळख तेवढी नव्यानं शिकवा.

हा लेख लिहायला घेतला त्या संध्याकाळी मी मावशींना विचारलं, असा परवाना निघाला तर घ्याल का? आता त्यांचं वय झालंय, पण दोन घरी अजून जातात. त्यांनी विचारलं, परीक्षा लिहायची असती का? मला सहीपुरतंच येतं. मी म्हटलं, तोंडी आणि हातानं करून दाखवायची ठेवता येईल.

“मग आत्ता घ्या की,” म्हणाल्या आणि पदर खोचून माझ्या मुलीचा पाय मांडीवर ओढून घेतला.