मोर्चात गेलेल्या विद्यार्थ्यांच्या दाखल्याबाबत खुलासा

साताऱ्यातील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या असा संदेश फिरत आहे की, शाळा राजकीयदृष्ट्या तटस्थ असणे कायद्याने बंधनकारक असल्यामुळे मोर्चात दिसलेल्या विद्यार्थ्याचे नाव पटावरून कमी करून त्याच्या हातात दाखला दिला जाईल. हा संदेश चुकीचा असून त्यामुळे पालक विनाकारण धास्तावले आहेत.

तटस्थतेचे बंधन मुलांवर नसून ते शिक्षक व इतर कर्मचाऱ्यांवर आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना १९६७ च्या वर्तणूक नियमांनुसार राजकीय पक्षाचे काम करता येत नाही. विद्यार्थ्यांबाबत मात्र २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १६ स्पष्ट आहे: प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांनाही मनाई आहे. त्यामुळे मोर्चात गेल्याबद्दल मुलाला वर्गासमोर उभे करून अपमानित करणे हेही आम्हाला गंभीर वाटते.

नववीपासून पुढे कलम १६ चे हे संरक्षण लागू नाही, परंतु शांततेने, विनाशस्त्र एकत्र येण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९ ने सर्व नागरिकांना दिला आहे आणि त्यात वयाची अट नाही.

शाळेच्या वेळेत मोर्चासाठी पोवई नाक्यावर गेलेल्या मुलाची हजेरीपत्रकात गैरहजेरी लागेल, ते योग्यच आहे. तसेच कोणत्याही पक्षाच्या सभेसाठी गणवेशातील मुलांना रांगेने नेणे शिक्षकांनी कटाक्षाने टाळावे. असा प्रकार घडल्यास पालकांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करून तिची पोच घ्यावी.