सोफा-कम-लॅपटॉप

एका पैशात दोन वस्तू म्हटलं की आपण विरघळतो. आधी रेडिओ-टेपवाला टू-इन-वन आला, मग सोफा-कम-बेड, आणि आता हा उलटा दुमडणारा, बोटाने चालणारा कन्व्हर्टिबल लॅपटॉप. २०१२ साली विंडोज ८ आलं, त्याच सुमारास ३६० अंश फिरणारी बिजागरीही बाजारात आली. माझ्याकडच्या नगाचं वागणं थेट सोफा-कम-बेडचं आहे. एरवी तो निमूटपणे सोफा असतो. पाहुणे आले की त्याचा बेड करावा लागतो, आणि नेमकी तेव्हाच कळ अडकते. पाहुणे म्हणजे प्रेझेंटेशन.

आधी टॅब्लेटचं रूप सांगतो, म्हणजे ते एकदाचं उरकेल. चौदा इंची मशीन साधारण दीड किलोचं असतं. एका हातात दीड किलो बटाटे धरून दुसऱ्या हाताने वर्तमानपत्र वाचता येत असेल, तर हा टॅब्लेट तुमच्यासाठी आहे. कीबोर्ड पाठीमागे जातो. पडदा १८० अंशांच्या थोडा पुढे गेला की सेन्सर बटणं बंद करतो, त्यामुळे चुकून काही टाइप होत नाही. पण बोटांखाली ती दबत राहतात आणि जिवाला उगाच धाकधूक लागते.

उचलताना पडदा गर्रकन आडव्याचा उभा होतो. उपाय रोटेशन लॉक. तो विंडोज आणि ओ ही बटणं एकत्र दाबून लागतो, किंवा सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले या वाटेने. गंमत अशी की बहुतेक मशीन साध्या लॅपटॉपच्या रूपात असताना हा पर्याय फिकट पडून बसतो. म्हणजे आधी घडी घाला, मग कुलूप लावा. दुमडल्यावर कीबोर्ड झोपलेला, म्हणून शॉर्टकट पाठ असूनही बोटानेच सेटिंग्ज गाठावी लागते.

खरा उपयोगी अवतार तंबूचा. मशीन उलट्या व्ही आकारात टेबलावर उभं करायचं, समोर दोनतीन माणसं बसवायची. तीनपर्यंत ठीक, चौथा मान वाकडी करतो. पण तंबूत बोटाने जोरात टिचकी मारू नका, पडदा मागे झुलतो आणि बोट भलत्याच बटणावर पडतं. डाव्या कडेवरून बोट आत सरकलं तर विंडोज ११ मध्ये विजेट्स उघडतात. तिमाहीच्या ताळेबंदावर अचानक हवामान अवतरतं. म्हणून स्लाइड सरकवायची ती पडद्याच्या मध्यावर.

आता प्रोजेक्टर. मशीनला टाइप-सी हे छोटं नवं भोक, सभागृहात व्हीजीए ही पिनांची जुनी जोडणी. एक अडॅप्टर घेऊन भागेल असं वाटतं, पण प्रत्येक टाइप-सी भोक चित्र देत नाही; काही निव्वळ चार्जिंग आणि डेटाची असतात. भोकाशेजारी डी-पीचं (डिस्प्लेपोर्ट) किंवा थंडरबोल्टचं विजेचं चिन्ह दिसतंय का ते विकत घेतानाच बघावं. आणि एचडीएमआयवरून व्हीजीएवर जायला नुसती वायर चालत नाही. डिजिटलचं अॅनालॉग करणारी चिप आत लागते.

चित्र आलं, विंडोज आणि पी दाबून एक्स्टेंड केलं, म्हणजे भिंत हा दुसरा पडदा केला, की पुढचा चमत्कार: स्पर्श लॅपटॉपच्या पडद्याला करावा आणि हालचाल भिंतीवर व्हावी. विंडोजने स्पर्श चुकीच्या पडद्याशी जोडलेला असतो. कंट्रोल पॅनेलमध्ये टॅब्लेट पीसी सेटिंग्ज, तिथे सेटअप. सूचना भिंतीवर दिसली तर एन्टर दाबायचं, आपल्या पडद्यावर दिसली तर तिथे बोट टेकवायचं. एन्टरला कीबोर्ड लागतो, म्हणजे सगळ्यांदेखत तंबू उतरवा!

पेनबद्दल थोडक्यात. बऱ्याच पेनांना चार ए चा (AAAA) बारीक सेल लागतो. दुकानदार तीन ए चा (AAA) पुढे करतो आणि "हाच असतो" म्हणतो; तो जाड निघतो. एका मशीनचं पेन दुसऱ्यावर चालेलच असं नाही, पद्धती वेगळ्या आहेत. स्लाइडवर गिरवलेलं सगळं कीबोर्डवरचं ई (E) बटण दाबलं की पुसतं. नाही पुसलं तर शेवटी पॉवरपॉइंट विचारतो, शाई ठेवायची की टाकायची? घाईत "ठेवा" होतं, आणि पुढच्या मीटिंगला मागच्या मीटिंगचे गोल तसेच.

पडद्यावर बोटांचे ठसे प्रकाशात नकाशासारखे उमटतात. मायक्रोफायबरचं कापड किंचित ओलं करून, मशीन बंद ठेवून पुसा. काचेचा अमोनियावाला फवारा नको, थर खराब होतो.

मराठी स्लाइड्स असतील तर फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे जाऊन फॉन्ट एम्बेड करा, म्हणजे फाइलमध्येच बसवा, आणि पीडीएफची एक प्रत खिशात ठेवा. कारण बिजागरी, अडॅप्टर, पेन, तंबू एवढा सगळा संसार मांडून होतो, आणि मागून प्रोजेक्टरवाला शांतपणे विचारतो, "सर, पेनड्राइव्ह आहे का? आमच्याच पीसीवर लावतो."