एटापल्लीचा पैसा, कराथाचा दवाखाना

गेल्या महिन्यात घरच्या ग्रुपवर माझं आणि दादाचं चांगलंच वाजलं. दादाचे दोन ट्रक आहेत, गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या लोहखाणीतला माल घेऊन आष्टीकडे जाणारे. त्यानं लिहिलं, "तू तिकडं खाणीच्या पैशावर बांधलेल्या दवाखान्यात नोकरी करतेस, आणि आम्हाला इथं धूळ-धूळ म्हणून शिकवतेस?" चुलतभाऊ मास्तर आहे, त्याला खाणच नको. तो दादाला कंपनीचा माणूस म्हणाला, दादा त्याला विकासाचा वैरी. मी फोन बाजूला ठेवला आणि रात्रपाळीला गेले. पण दादाचं बोलणं डोक्यातून जाईना, कारण ते खोटं नाही.

मी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कराथा या गावात नर्स आहे. पर्थपासून दीड हजार किलोमीटर उत्तरेला, पिलबारा नावाच्या तांबड्या मुलुखात. जगाला लोहखनिज पुरवणारा हा पट्टा. समुद्राकडे जाणारी मालगाडी दोन किलोमीटरहून लांब असते आणि तिच्यात पुष्कळदा चालकच नसतो, ती पर्थमधल्या कचेरीतून चालवतात. आमचा नवा दवाखाना २०१८ साली उघडला, २० कोटी डॉलरहून जास्त खर्चून. हा पैसा मुख्यतः खाणींच्या रॉयल्टीतून, म्हणजे खनिजामागे सरकारला भरायच्या पैशातून आला, आणि तो आपोआप आलेला नाही.

२००८ च्या निवडणुकीत इथं कुणालाच बहुमत मिळालं नाही. ब्रेंडन ग्रिल्स यांच्या नेतृत्वाखालच्या नॅशनल्स या छोट्या ग्रामीण पक्षाच्या हातात सत्तेची किल्ली आली. त्यांनी मंत्रिपदांच्या आधी एक अट घातली: खाणींच्या रॉयल्टीतला चौथा हिस्सा पर्थबाहेरच्या गावांसाठी वेगळा ठेवायचा. २००९ मध्ये त्याचा कायदा झाला, 'रॉयल्टीज फॉर रीजन्स' या नावानं. त्यातून दवाखाने झाले, रस्ते झाले, आणि उपचारासाठी पर्थला जाणाऱ्या पेशंटच्या प्रवासखर्चाची योजनाही वाढवली गेली.

त्या रात्री माझ्याकडे वाळवंटातल्या एका वस्तीवरची म्हातारी होती, मूळनिवासी. श्वास पुरत नव्हता, पर्थला हलवायचं ठरलं. पहाटे तीनला मी रुग्णवाहिकेतून तिच्यासोबत धावपट्टीवर गेले. फ्लाइंग डॉक्टरचं विमान उभं होतं. १९२८ पासून चालू असलेली ही सेवा, पेशंटकडून एक पैसा घेत नाही. स्ट्रेचर यंत्रानं वर उचलून दारातून आत सरकवतात, तेव्हा तिनं माझं मनगट धरलं आणि सोडलं नाही. लेक मागून शिडी चढून आत बसली, तेव्हाच तिची बोटं सैल झाली. या सेवेच्या काही जेट विमानांवर एका मोठ्या खाण कंपनीचं नाव रंगवलेलं आहे, कारण पैसा तिनं दिलाय. पण विमान कुणासाठी उडवायचं हे कंपनी ठरवत नाही. ते डॉक्टर ठरवतात, आणि कामगार असो की वाळवंटातली म्हातारी, सगळ्यांना तेच विमान येतं.

दरवर्षी पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येतो, भामरागडचा संपर्क तुटतो, आणि बाळंतपणाची बाई खाटेच्या कावडीवरून नदीकाठी आणतात. मी हे लहानपणापासून पाहिलंय. म्हणून धावपट्टीवर उभी असले की मला इकडचं आभाळ दिसत नाही, तिकडची नदी दिसते.

तर दादा, हो, खाणीच्या पैशातून दवाखाना होऊ शकतो. मी त्यात रोज काम करते. पण इथं जे बिघडलं तेही ऐक.

'रॉयल्टीज फॉर रीजन्स'च्या निधीतून पैसा इतक्या घाईनं वाटला गेला की २०१८ च्या सरकारी चौकशीत जॉन लँगुलँट यांनी कारभारावर कडक ताशेरे ओढले. तिजोरीची कडकी आली तसे राज्याच्या नेहमीच्या खर्चाचे काही बोजेही याच निधीवर टाकले गेले. म्हणजे गावाला जास्तीचं मिळायचं ते राहिलं बाजूला. सगळ्यात वाईट हे: १९६० च्या दशकातल्या करारांत कंपन्यांनी टनामागे २५ सेंट भाडं द्यायचं ठरलं होतं, आणि अर्धशतक तो आकडा हललाच नाही. ग्रिल्स यांनी तो ५ डॉलर करावा असं म्हटलं. खाण उद्योगानं त्यांच्याविरुद्ध जाहिरातींचा पाऊस पाडला, आणि २०१७ मध्ये याच पिलबारा मतदारसंघात ते पडले. ज्या माणसानं खेड्यांना चौथा हिस्सा मिळवून दिला, तो त्याच खेड्यांत हरला. कंपनी आणि सरकार भागीदार म्हणवतात तेव्हा ताकद कुणाकडे असते, हे मला त्या निकालानं शिकवलं.

आणि मे २०२० मध्ये पिलबारातल्याच जुकान घळीत काय झालं ते तर जगानं वाचलं. ४६ हजार वर्षांपूर्वीपासून माणसाच्या वावराच्या खुणा असलेल्या गुहा लोहखनिजासाठी सुरुंगानं उडवल्या. कायद्याची परवानगी होती, म्हणून उडवल्या. कंपनीच्या प्रमुखाला जावं लागलं. राज्यानं नवा वारसा कायदा आणला, तो १ जुलै २०२३ ला लागू झाला, आणि ऑगस्ट उजाडताच सरकारनं तो मागे घेण्याची घोषणा केली. इथल्या मूळ लोकांना वाटाघाटीचा हक्क आहे, नाही म्हणायचा नाही.

या बाबतीत आपलं पारडं जड आहे, आणि हे मी घरच्या दोघांनाही सांगू पाहते. आपल्याकडे पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, आहे १९९६ पासून, वनहक्क कायदा आहे २००६ पासून. ओडिशात नियमगिरीवर २०१३ साली बारा ग्रामसभांनी बॉक्साइट खाणीला नाही म्हटलं आणि ते नाही टिकलं. पिलबारातल्या कुठल्याही वस्तीच्या हातात असं शस्त्र नाही. लेखामेंढा हे गाव तर आपल्याच जिल्ह्यातलं. "आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्या गावाची घोषणा इथल्या सहकाऱ्यांना मी समजावून सांगते तेव्हा ते पुन्हा विचारतात, खरंच कायद्यात आहे का?

पैशाचंही तसंच. इथल्या बहुतेक लोहखनिजावर रॉयल्टी साडेसात टक्के, आपल्याकडे १५. त्यावर २०१५ च्या दुरुस्तीपासून खाणवाल्याला जिल्हा खनिज प्रतिष्ठानात, म्हणजे खाणबाधित भागासाठीच्या जिल्ह्याच्या निधीत, वेगळी भर घालावी लागते: लिलावात घेतलेल्या खाणीला रॉयल्टीच्या १० टक्के, जुन्या पट्ट्याला ३० टक्के. सुरजागडचा ३४८ हेक्टरचा पट्टा २००७ सालचा, म्हणजे जुना. २०१६ च्या डिसेंबरात नक्षलवाद्यांनी तिथं ७० हून अधिक गाड्या जाळल्या, काम थांबलं, २०२१ मध्ये पुन्हा सुरू झालं, आणि २०२३ मध्ये वर्षाला ३० लाख टनांवरून थेट १ कोटी टनांची परवानगी मिळाली. प्रतिष्ठानात येणारा पैसाही त्याच चालीनं वाढणार. तो पाणी, आरोग्य, शिक्षण यांवर आधी खर्च व्हावा असं नियमच सांगतो.

मग हा खर्च ठरवतं कोण? प्रतिष्ठानाच्या नियामक परिषदेत जिल्हाधिकारी, खासदार, आमदार, खातेप्रमुख. ज्या गावावरून धूळ जाते त्या गावाला यादी छापून झाल्यावर कळतं, कधी तेही नाही. २०२१ मध्ये केंद्राला आदेश काढून राज्यांना बजावावं लागलं की हा पैसा राज्याच्या तिजोरीत किंवा मुख्यमंत्र्यांच्या मदतनिधीत वळवू नका. अशी मनाई काही उगाच करावी लागत नाही.

चुलतभावाचं म्हणणं मला पटतं ते जंगलापुरतं आणि ठाकुरदेवाच्या पहाडापुरतं. त्या पहाडावर माडिया लोकांची जत्रा भरते, आणि त्याचं मोल कुठल्याही प्रतिष्ठानाला भरून देता येणार नाही. तिथं ग्रामसभेचं नाही हे शेवटचंच असलं पाहिजे, मग दादाचे ट्रक उभे राहिले तरी. मात्र जिथं खाण चालूच आहे, तिथं "खाण नको" एवढंच म्हणत राहिलं तर पैशाचा हिशेब विचारायला कुणीच उरत नाही. तो हिशेब विचारणं हेही खाणीला विरोध करण्याइतकंच धाडसाचं काम आहे.

एप्रिलमध्ये आलापल्लीला मावशीकडे गेले होते. मोहफुलं वेचून तिनं अंगणात ताडपत्रीवर वाळत घातली होती. सडकेवरून ट्रकमागून ट्रक. दुपारी तिनं एक मूठ माझ्या तळहातावर ठेवली. फुलं पिवळसर पांढरी असतात, ही तांबूस होती. "धा वेळा पाखडलं बाई, लालच ऱ्हाते," ती म्हणाली. मी बोटानं चोळलं, तर बोटाच्या रेषांत तीच माती बसली जी कराथाला माझ्या खिडकीच्या चौकटीत बसते.

फरक एवढाच की तिकडे पिलबारातल्या पोर्ट हेडलंडला बंदराच्या धुळीतली घरं बाजारभावाहून जास्त पैसे देऊन विकत घ्यायची योजना निघाली. चालवली सरकारनं, खर्च खाण उद्योगाचा. घर द्यायचं की नाही ते घरमालकानं ठरवायचं. मावशीच्या मोहफुलांचा भाव कुणी भरून देतं का? धूळ मोजायचं यंत्र तरी तिच्या अंगणाजवळ आहे का?

सुरजागडजवळ हेडरीला खाण कंपनीनं दवाखाना काढलाय. चांगली गोष्ट आहे, माणसं तिथं जातात, मीही त्याबद्दल वाईट बोलणार नाही. पण त्याच दौऱ्यात मी एका सरकारी आरोग्य केंद्रात गेले, तिथं डॉक्टरची खुर्ची रिकामी होती. शेजारी बसलेला माणूस म्हणाला, आता कंपनीचा आहे ना. मला भीती आहे ती याचीच. कंपनी आली म्हणून सरकार उठून जाऊ लागलं तर भागीदारी राहत नाही. खनिजाचा भाव पडला किंवा साठा संपला की कंपनी निघून जाते. मग बाळंतीण कुणाकडे जाणार?

साठा संपतोच, आणि खाण त्याआधीही बंद पडू शकते. गोव्यात २०१२ पासून खाणी बंद-चालू होत राहिल्या. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये विक्रीच्या १० टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांच्या कायमस्वरूपी निधीत टाकायला सांगितलं. गडचिरोलीत अशा निधीची नुसती चर्चाही मला ऐकू आलेली नाही, आणि ट्रक तर रोज भरून जातायत.

महाराष्ट्रात २०१५ पासून पेसा गावांना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो, ग्रामसभेनं ठरवायचा. म्हणजे रस्ता पाडलेला आहे. खनिज प्रतिष्ठानाच्या पैशाचा मोठा वाटा त्याच रस्त्यानं बाधित गावांकडे जाऊ द्या, आणि सरकारी केंद्रातली रिकामी खुर्ची आधी भरा. दादा ग्रामसभेला जातो, मी जात नाही. म्हणून मी त्याला अर्ज लिहून पाठवला: आपल्या तालुक्याच्या नावावर प्रतिष्ठानात किती जमा झाले, किती कुठे खर्च झाले, धूळ कुठे कुठे मोजली. तीनच ओळी.

दोन दिवस तो काही बोलला नाही. काल रात्री मेसेज आला: "मास्तरला घेऊन जातो. खाली त्याची पण सही घेतली."