केन्यनबाईंचा जंत आणि तात्यांची खडीसाखर

ठाण्यात उपवनला फिरायला येणाऱ्या आमच्या ग्रुपवर पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा तोच मेसेज आला. सारांश असा, की अमेरिकेच्या संशोधक सिंथिया केन्यन यांनी जगात पहिल्यांदा म्हातारपणाचं जनुक शोधून काढून टाकलं आणि आयुष्य दुप्पट झालं. त्यांनी साखर सोडली, म्हणून साखर सोडणाऱ्याला अल्झायमर होत नाही. आणि गूगलने त्यांना विकत घेऊन हे सगळं दडपलं. खाली एका चूर्णाची जाहिरात.

केन्यनबाई खऱ्या, काम खरं. पण दुप्पट झालेलं आयुष्य कोणाचं, तेवढंच मेसेजमध्ये गाळलंय. सी. एलिगन्स नावाच्या, मिलिमीटरभर लांबीच्या जंताचं! बिचारा एरवी जेमतेम दोन-तीन आठवडे जगतो. शिवाय जनुक काढून टाकलंच नव्हतं. १९९३ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं, की डॅफ-२ या जनुकाचा जोर कमी पडलेले जंत दुपटीहून जास्त जगतात, तेही डॅफ-१६ हे दुसरं जनुक शाबूत असेल तरच. 'पहिल्यांदा'ही खोटं. एज-१ या जनुकातल्या बदलाने जंतांचं आयुष्य वाढतं, हे फ्रीडमन आणि जॉन्सन यांनी १९८८ मध्येच छापलं होतं. बाईंचं श्रेय त्याने कमी होत नाही. म्हातारपण म्हणजे नुसती झीज, असं मानायच्या काळात त्याचा वेग ठरवणारी यंत्रणा शरीरात असते, हे त्यांनी ठासून दाखवलं.

मग माणसातही करा की तसंच? डॅफ-२ हे आपल्या इन्शुलिन रिसेप्टरच्या, म्हणजे पेशीवर इन्शुलिनचा निरोप घेणाऱ्या प्रथिनाच्या, जनुकाचं भावंड आहे, हे १९९७ मध्ये कळलं. माणसात त्या जनुकाच्या दोन्ही प्रती पार बिघडल्या तर डोनोह्यू सिंड्रोम होतो. ती बाळं बहुधा दुसरा वाढदिवसही पाहत नाहीत.

आता साखर. २००९ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेने जंतांच्या खाण्यात ग्लुकोज घातलं, आयुष्य घटलं. बाईंनी स्वतःचं खाणं बदललं, हेही खरं. पण ती अल्झायमरची चाचणी नव्हे. मेंदूच्या आजारांशी नातं सांगणारं त्यांचं काम २००३ चं आहे. हंटिंग्टन या मेंदूच्या आजारात ग्लुटामाइन या अमिनो आम्लाची लांबलचक साखळी असलेलं प्रथिन पेशींत गुठळ्या धरतं. दीर्घायुषी जंतांत तसल्या गुठळ्या उशिरा धरल्या. उशिरा, धरल्याच नाहीत असं नाही. आणि जंताच्या चेतापेशी मोजून ३०२.

हा मेसेज वाचून आमच्या तात्यांनी, मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना, खिशातली खडीसाखरेची पुडी घरी ठेवली. मागच्या मंगळवारी तिसऱ्या फेरीला बाकावर बसले ते उठेनात. कपाळ घामाने डबडबलेलं, हात थरथरत होते, जीभ अडखळत होती. रक्तातली साखर उतरली होती. चहावाल्याने पाण्यात तीन चमचे साखर ढवळून पाजली. दहा-पंधरा मिनिटांनी तात्यांनी विचारलं, "किती झाले रे तुझे?" साखर कमी खा, कोण नको म्हणतंय? पण गोळ्या घेणाऱ्याच्या खिशातली ती पुडी औषधाच्या जागी असते हो.

राहिलं दडपणं. गूगलने म्हातारपणावर संशोधन करणारी कॅलिको ही कंपनी काढली २०१३ मध्ये, केन्यन तिथे गेल्या २०१४ मध्ये. तोवर त्यांचा १९९३ चा तो निबंध 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून वीस वर्षं उलटली होती. चूर्णाच्या नंबरवर मी फोन केला, घटक विचारले.

"ते नाही सांगता येत साहेब. सीक्रेट फॉर्म्युला आहे."